बॅटलिंग नेल्सन : मार खाण्यात हात धरणारा कोणी नव्हता

आडवा_बांबू

परवा जेवताना बॉक्सिंगचा विषय निघाला. भाचा म्हणाला, "मामा, बारा राउंड उभं राहणं म्हणजे चेष्टा नाही." मी म्हटलं, बारा कसले, बेचाळीसची गोष्ट ऐक. त्याने बहिणीकडे अशी नजर टाकली की मामाची आज जरा जास्त झालीय. म्हणून हा धागा. वाचून घे रे बाबा.

३ सप्टेंबर १९०६, सोमवार. अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी. नेवाडाच्या वाळवंटात गोल्डफील्ड नावाचं गाव, नावाप्रमाणे सोन्याच्या खाणींवर रातोरात उगवलेलं. तिथे टेक्स रिकार्ड नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. गावाचं नाव पेपरात यावं आणि खाणींचे शेअर खपावेत म्हणून त्याने लाइटवेट, म्हणजे हलक्या वजनगटाच्या, अजिंक्यपदाची लढत भरवायचं ठरवलं. ३०,००० डॉलरचं बक्षीस लावलं आणि ती रक्कम सोन्याच्या नाण्यांत आणून सगळ्यांना दिसेल अशी काचेमागे रचून ठेवली. याच रिकार्डने पुढे न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभं केलं, पण त्याची पहिली बोहनी या धुळीतली.

एका बाजूला अजिंक्यवीर जो गॅन्स, बाल्टिमोरचा. जगज्जेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन बॉक्सर. हात असे चालायचे की लोक त्याला 'ओल्ड मास्टर' म्हणत. समोर बॅटलिंग नेल्सन. जन्म कोपनहेगनचा, १८८२ चा. वाढला शिकागोच्या टोकाला, हेगेविश नावाच्या कामगार वस्तीत. पोरवयात तळ्यावरचा बर्फ कापायचं काम, मग खाटकाच्या दुकानात. लोकांनी ठेवलेलं नाव 'ड्युरेबल डेन'. आपल्याकडे चिवट डेन म्हणता येईल, पण 'चिवट' शब्दही कमी पडतो. तुटेना, फुटेना, असा ऐवज.

नेल्सनकडे फार कला होती असं कोणीच म्हणत नाही. खाली वाकायचं, हनुवटी छातीत खुपसायची, डोकं समोरच्याच्या छातीला लावायचं आणि आत घुसून डाव्या हाताने यकृतावर आखूड हुक, म्हणजे कोपरात वाकवलेल्या हाताचा बाजूने ठोसा, मारत राहायचं. या हुकाला त्याने स्वतःच 'अर्धी कात्री' असं काहीसं नाव दिलं होतं. आत शिरेपर्यंत चार पडले तर पडले. त्याचा हिशोबच तो होता. चार घ्यायचे, एक द्यायचा आणि चार घेऊनही आपण उभे आहोत हे बघून समोरचा खचेपर्यंत थांबायचं.

लढत दुपारी तीननंतर सुरू झाली. आकडा ठरलेला नाही, निकाल लागेपर्यंत. वाळवंटातलं ऊन. गॅन्सने अर्ध्याहून जास्त फेऱ्या नेल्सनला अक्षरशः झोडपलं. डोळे सुजले, ओठ फाटले, चेहरा ओळखू येईना. तो पुन्हा पुढेच. दहावी फेरी, विसावी, तिसावी. तेहतिसाव्याच्या सुमाराला गॅन्सचा उजवा हात मोडला. त्याने काय करावं? लंगडायला लागला. पाय मुरगळल्याचं सोंग, म्हणजे समोरच्याचं लक्ष हाताकडे जाऊ नये. उरलेल्या फेऱ्या तो जवळपास एकाच हातावर लढला. बेचाळिसाव्या फेरीत नेल्सनने कमरेखाली ठोसा मारला, गॅन्स कोसळला आणि रेफ्री जॉर्ज सायलरने नेल्सनला बाद ठरवलं. ४२ फेऱ्या, मधली मिनिटा-मिनिटाची विश्रांती धरून पावणेतीन तास. हरला तेव्हाही नेल्सन उभाच होता.

दोन वर्षांनी ४ जुलै १९०८ ला त्याने गॅन्सला सतराव्या फेरीत लोळवून किताब घेतला. सप्टेंबरात पुन्हा, एकविसाव्या फेरीत.

मग २२ फेब्रुवारी १९१०, कॅलिफोर्नियातलं पॉइंट रिचमंड. समोर मिशिगनचा ॲड वोलगास्ट, बावीस वर्षांचा. ४५ फेऱ्या ठरलेल्या. वोलगास्टने नेल्सनचंच औषध नेल्सनला पाजलं. बाविसाव्या फेरीत नेल्सनने त्याला पाडलं, सगळ्यांना वाटलं संपलं, तर हा पोरगा उठून पुन्हा अंगावर. चाळिसाव्या फेरीत नेल्सनचे दोन्ही डोळे मिटले होते आणि तो कुठल्या दिशेला ठोसे मारतोय हे त्यालाच कळत नव्हतं. रेफ्री एडी स्मिथने लढत थांबवली. नेल्सन चिडला. का थांबवली म्हणून!

त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या ओवेन मोरनने अकराव्या फेरीत त्याला असं पाडलं की दहा आकडे मोजून झाले. त्याच्या नावावर खराखुरा नॉकआउट म्हणावा असा हा एकच. पण गडी त्यानंतरही १९१७ पर्यंत लढत होता.

माझं म्हणणं असं की असा माणूस पुन्हा झाला नाही. बोला.

मिरचीभजी

बांबूकाका, भन्नाट. वाचनखूण साठवली. ते पाय मुरगळल्याचं सोंग तर अफाट आहे. पण एक शंका. बेचाळीस फेऱ्या माणूस जिवंत कसा राहतो? आताचे बॉक्सर आठव्या फेरीत तोंडाने श्वास घ्यायला लागतात, आणि त्यांच्यामागे आहारतज्ज्ञ, फिजिओ, सगळा लवाजमा असतो.

खडूसनाना

जिवंत राहतो कारण तो अर्धा वेळ मिठीत असतो. त्या लढतीचं चित्रीकरण झालं होतं, त्याचे तुकडे बघायला मिळतात. बघा आणि मग हळहळा. दोघे एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून उभे आहेत, लग्नात वऱ्हाड रुसल्यावर व्याही उभे राहतात तसे. मधेच एखादा फटका. आजच्या बारा फेऱ्यांत जेवढे ठोसे पडतात तेवढे त्या बेचाळीसमध्ये पडले असतील तरी पुष्कळ. जुनं ते सोनं म्हणायची आपली खोड आहे.

आडवा_बांबू

नाना, अर्धं कबूल. वेग कमी असायचाच. फेऱ्यांना अंत नसेल तर कोण पहिल्या पाचात दम घालवेल? आणि नुसत्या फेऱ्या मोजून थोरवी ठरत नाही, हेही खरं. १८९३ मध्ये न्यू ऑर्लिन्सला अँडी बोवेन आणि जॅक बर्क ११० फेऱ्या लढले, ७ तास १९ मिनिटं. शेवटी दोघेही आता हात उचलत नाही म्हणाले आणि निकालच नाही. त्या लढतीबद्दल कोणी धागा काढणार नाही.

पण दुसरी बाजू बघा. ग्लोव्ह तेव्हा साधारण पाच औंसांचे, म्हणजे दीडशे ग्रॅमसुद्धा नाही. बोटांवर गादी नावाला. आणि मुख्य म्हणजे पाडणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं हा नियम तेव्हा नव्हता, तो विसाच्या दशकात आला. त्याआधी तुम्ही पडलात की समोरचा डोक्यावर उभा. तुमचा गुडघा जमिनीवरून सुटला रे सुटला की पुढचा ठोसा. त्यातून उठायचं म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा.

१९०२ च्या डिसेंबरात आर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्जला नेल्सन आणि ख्रिस्टी विल्यम्स यांच्या लढतीत १७ फेऱ्यांत ४९ वेळा कोणीतरी पडल्याची नोंद आहे. विल्यम्स ४२, नेल्सन ७.

खडूसनाना

४२ वेळा पडलेला विल्यम्स मग जास्त चिवट नाही का? उठला ना तो ४१ वेळा!

मिरचीभजी

नाना, षटकार :))

आडवा_बांबू

तोंड बंद केलंत माझं. (तरी तेव्हा गुडघा टेकला, दोरीला लटकला, घसरला, सगळंच पडण्यात धरत, एवढी पुस्ती जोडतो.)

अवली

मी कॉलेजात दोन वर्षं बॉक्सिंग केलंय, पुण्यात. फार काही दिवे लावले नाहीत, आंतरमहाविद्यालयीनच्या दुसऱ्या फेरीपुढे कधी गेलो नाही. पण नेल्सनचा तो यकृतावरचा हुक एकदा खाल्लाय, म्हणून लिहितो.

डोक्यावर ठोसा बसला की लगेच कळतं. चमकतं, कानात शिट्टी वाजते, पण पाय चालू असतात. उजव्या बरगडीखाली नीट बसला तर आधी काहीच होत नाही. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, अरे, एवढंच? आणि एक सेकंद गेला. पोटातून कोणीतरी मूठ घालून सगळं पिरगाळल्यासारखं झालं आणि माझे गुडघे मला न विचारता खाली गेले. शुद्ध पूर्ण होती. सर सहा, सात म्हणताना ऐकू येत होतं. उठायचं हेही कळत होतं. शरीर म्हणालं, नाही. तोंडातून दात-रक्षक काढायलाही हात वर जाईना.

तर असा हुक दर फेरीत पाच-सहा वेळा मारणारा माणूस बेचाळीस फेऱ्या समोर असेल, तर मिठी मारण्याखेरीज दुसरं काय करणार? नाना, ती मिठी आराम करायला नसते. ती जीव वाचवायला असते.

खडूसनाना

बरं बुवा, मिठी मागे घेतो.

डॉ. खोडरबर

मेंदूशी संबंधित विषय आहे आणि माझं रोजचं काम त्यातलंच, म्हणून थोडं.

'कवटी जाड होती' ही बॉक्सरांबद्दलची आवडती दंतकथा. कवटी फुटली म्हणून माणूस बेशुद्ध पडत नाही. डोकं झटक्यात फिरतं, आतला मेंदू त्या वेगाने फिरत नाही, मागे राहतो आणि ताणला जातो, म्हणून पडतो. हनुवटीवर बाजूने बसलेला ठोसा घातक असतो तो याचसाठी. हनुवटी म्हणजे लांब दांडा, तिला ढकललं की डोकं गर्रकन वळतं. मान भक्कम असेल आणि ठोसा येताना ताठ केलेली असेल तर डोकं कमी फिरतं. धोका न दिसलेल्या ठोशाचा जास्त असतो.

आता बांबूंनी वर काय लिहिलंय? हनुवटी छातीत, डोकं खाली. म्हणजे दांडा लपवलेला. ठोसे येणार कपाळावर आणि टाळूवर. कपाळाचं हाड विरुद्ध मुठीतली बारीक हाडं, पाच औंसांच्या ग्लोव्हमध्ये. कोण मोडेल? गॅन्सची मूठ नेमकी कशावर मोडली ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण अशा पवित्र्यासमोर मुठी मोडाव्यात यात नवल वाटत नाही. तात्पर्य, लोक ज्याला दैवी टणकपणा म्हणतात त्यात निम्मं तंत्र असतं.

उरलेलं निम्मं मात्र उधारी असते. पडला नाही म्हणजे इजा झाली नाही असं नव्हे. १९२८ मध्ये न्यू जर्सीच्या हॅरिसन मार्टलँड या वैद्यकीय परीक्षकाने 'पंच ड्रंक' या नावाने शोधनिबंध लिहिला. अडखळती चाल, जड जीभ, कापरे हात, पुढे बुद्धीवर परिणाम. त्याचं एक निरीक्षण या धाग्याला चपखल बसतं. हा आजार चपळ, ठोसे चुकवणाऱ्या बॉक्सरांत कमी आणि एक मारण्यासाठी चार खाणाऱ्यांत जास्त दिसतो.

वर ज्या अँडी बोवेनचा उल्लेख आहे तो ११० फेऱ्या टिकला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८९४ मध्ये, किड लाविनविरुद्ध पडताना त्याचं डोकं रिंगच्या फळ्यांवर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. रिंगच्या तळाला तेव्हा गादी नसायची.

सुमनताई

मी या विषयातली नाही, मुलगा कराटेला जातो म्हणून उघडला धागा. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. एकच विचारते, समोर माणूस आंधळा होऊन ठोसे मारतोय आणि हजारो लोक बसून बघतायत, थांबवा असं एकालाही वाटलं नसेल?

आडवा_बांबू

ताई, वाटलं असेल, पण पैज लागलेली असायची. कॅलिफोर्नियात ४५ फेऱ्यांच्या लढतींना मुभा होती. १९१४ मध्ये तिथल्या मतदारांनीच कौल देऊन लढती चार फेऱ्यांवर आणल्या, म्हणजे शिसारी आलेले लोकही होतेच. किताबाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर यायला मात्र १९८२ उजाडावं लागलं. कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत पडला आणि चार दिवसांनी गेला, त्यानंतर.

(पंच म्हणजे रेफ्री, डॉक्टरांचा 'पंच' म्हणजे ठोसा. माझ्या भाच्याचा गोंधळ झाला म्हणून मी वर मुद्दाम रेफ्री लिहिलंय.)

वाचनवेडी

बांबूकाका, लेख आवडला, पण माझी तक्रार मथळ्यापासून आहे. गोल्डफील्डच्या त्या दुपारी सगळ्यात चिवट माणूस कोण होता? मला विचाराल तर गॅन्स.

वजनाचं तुम्ही लिहिलंच नाहीत. नेल्सनचा मॅनेजर बिली नोलन याने अट घातली होती की गॅन्सने १३३ पौंडांत, म्हणजे साठ किलोंच्या आसपास, बसायचं आणि तेही लढतीचे कपडे-बूट अंगावर ठेवून. शिवाय लढतीच्याच दिवशी पुन्हा पुन्हा काट्यावर उभं राहायचं. म्हणजे सकाळी काटा झाल्यावर पोटभर पाणी पिऊन घ्यायची सोय नाही. त्या वाळवंटात! आणि अजिंक्यवीर गॅन्स असूनही बक्षिसातला मोठा वाटा आव्हानवीर नेल्सनचा, जवळपास दुप्पट. गॅन्सने हे सगळं मान्य केलं, कारण त्याला पैशांची गरज होती आणि कृष्णवर्णीय अजिंक्यवीराला अटी घालायची मुभा नव्हती.

म्हणजे तहानेला, हात मोडलेला, निम्म्या पैशांवर आलेला माणूस नेल्सनसमोर ४२ फेऱ्या टिकलाच, शिवाय पुढे राहिला. त्याला कोणी 'ड्युरेबल' म्हटलं नाही. त्याच्याबद्दल पेपरवाले लिहीत 'चलाख'. टणक म्हणवून घ्यायलाही चामडीचा रंग लागत असे.

१९०८ मध्ये नेल्सनने त्याला हरवलं हे खरं. पण १० ऑगस्ट १९१० ला गॅन्स क्षयाने वारला, ३५ व्या वर्षी. दोन वर्षं आधी त्या फुप्फुसांत किती दम उरला असेल?

डॉ. खोडरबर

वाचनवेडी, पाणी तोडून वजन उतरवलेल्या शरीराला उन्हात पावणेतीन तास उभं ठेवणं, हे मी कुठल्याही रुग्णाला सांगणार नाही. तुमच्या मुद्द्याला माझा दुजोरा.

आडवा_बांबू

घ्या. वाचनवेडी, मी लहानपणापासून नेल्सनच्या बाजूने हा किस्सा सांगत आलोय, वजनाची अट मला ठाऊक होती आणि तरी लिहिताना ती गळली. का गळली याचा विचार करतोय. किस्सा सांगताना ज्याचं टोपणनाव भारी त्याच्याकडे माणूस ओढला जातो, दुसरं काय. मथळा बदलता येत नाही, नाहीतर बदलला असता.

आईची तार राहिली, तीही तुमच्याच बाजूची. लढतीआधी गॅन्सच्या आईने तार केली होती, 'ब्रिंग होम द बेकन'. म्हणजे कमाई घरी आण. हा वाक्प्रचार अमेरिकेत घरोघरी पोचला तो या तारेमुळे, असं मानतात.

मिरचीभजी

मी आता गॅन्सच्या पार्टीत.

कोल्हापुरी_रस्सा

बॉक्सिंगमधलं आपल्याला काय कळत नाही, आपण खासबागेच्या पायरीवर वाढलेलो. पण १९१० साल वाचलं आणि राहवेना. वोलगास्ट-नेल्सन फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षी १० सप्टेंबरला लंडनात आपला गामा विरुद्ध पोलंडचा झबिस्को. झबिस्कोने काय केलं? पहिल्या मिनिटांतच गामाने खाली आणल्यावर जो पालथा पडून गादीला चिकटला, तो अडीच तासांहून जास्त वेळ उठायचं नावच नाही. बरोबरी. पुढच्या आठवड्यात निकालाची कुस्ती ठरली तर गडी आलाच नाही, पट्टा गामाला.

तर आपला प्रश्न असा की याला चिवटपणा म्हणायचा का चिकटपणा?

खडूसनाना

चिकटपणा. नेल्सनला मी हसलो, पण तो निदान पुढे तरी जात होता.

अवली

याच चालीवर एक नाव सुचवतो, जो ग्रिम. इटलीत जन्मलेला, फिलाडेल्फियात वाढलेला. हा तर जिंकायच्या भानगडीतच फारसा पडायचा नाही. तिथे सहा फेऱ्यांच्या लढती असत आणि त्या संपेपर्यंत दोघे उभे असतील तर अधिकृत निकाल नाही. ग्रिमने त्यातच धंदा शोधला. कोणीही या, मला झोपवून दाखवा. १९०३ मध्ये बॉब फिट्झसिमन्स आला, तो माजी हेवीवेट जगज्जेता. पाडून पाडून दमला. १९०५ मध्ये जॅक जॉन्सन आला, पुढचा हेवीवेट जगज्जेता. त्याने सहा फेऱ्यांत पंधराहून अधिक वेळा पाडला. हा दर वेळी उठला. लढत संपली की दोरीपाशी येऊन लोकांना ओरडून सांगायचा, मी जो ग्रिम, मी या भूतलावर कोणाला भीत नाही.

मार खाण्याचं तिकीट विकणारा पहिला माणूस असावा. १९३९ मध्ये फिलाडेल्फियाच्या मनोरुग्णालयात वारला. डॉक्टरांनी उधारी म्हटलं ते हेच.

टोरांटोकर

जुनाच पाहिजे का? आमच्या गावचा जॉर्ज शुवालो घ्या. ९३ व्यावसायिक लढती आणि एकदाही जमिनीवर नाही. एकदाही! मार्च १९६६ मध्ये इथे मेपल लीफ गार्डन्समध्ये अलीसमोर पूर्ण १५ फेऱ्या, १९७२ मध्ये व्हँकुव्हरला पुन्हा १२. फ्रेझर आणि फोरमन या दोघांच्या लढती रेफ्रीला थांबवाव्या लागल्या, पण तेव्हाही गडी उभा. मी इथे आलो तेव्हा ऑफिसातले म्हातारे हॉकीनंतर याच्याबद्दल बोलायचे.

आडवा_बांबू

शुवालो निर्विवाद. पण त्याच्यावर वेगळा धागा काढा की, दोन ओळींत उरकू नका.

शिकागोवाला

हेगेविश वाचून दचकलो. मी इंडियानातून शिकागोला रोज साउथ शोर लाइनने जातो आणि शहराची हद्द लागल्यावर पहिलं स्टेशन हेगेविशच. पंधरा वर्षं खिडकीतून बघतोय, कधी वाटलं नाही की इथून कोणी जगज्जेता निघाला असेल. ठेंगणी घरं, लांबवर जुन्या पोलाद कारखान्यांच्या जागा, बाजूला वुल्फ लेक. त्या तळ्यावर एके काळी बर्फकापणीचा मोठा धंदा चालायचा. फ्रिज नव्हते तेव्हा शहराला लागणारा बर्फ अशा तळ्यांतून करवतीने कापून नेत. जानेवारीत इथे वारा सुटला की मी गाडीतून स्टेशनात जाईपर्यंत कानांची जाणीव जाते. अशा वाऱ्यात तेरा-चौदा वर्षांचं पोर लोखंडी आकड्याने बर्फाच्या लाद्या ओढत असेल, तर त्याचे खांदे आणि मान कशी झाली असेल?

डॉक्टरसाहेब, तुमची भक्कम मान तिथे घडली म्हणायची का?

डॉ. खोडरबर

पुरावा मागू नका, पण पटण्यासारखं आहे. :)

मिरचीभजी

नेल्सनचं पुढे काय झालं? आणि त्या वोलगास्टचं? बांबूकाका, अर्धवट सोडू नका.

आडवा_बांबू

वोलगास्टचं सांगतो, पण सुमनताईंनी हा प्रतिसाद वगळावा.

किताब त्याच्याकडे १९१२ पर्यंत राहिला. त्या वर्षी ४ जुलैला जो रिव्हर्सशी लढताना तेराव्या फेरीत दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना मारलं आणि दोघेही एकदम आडवे! रेफ्री जॅक वेल्चने वोलगास्टला एका हाताने सावरून उठवत रिव्हर्सला बाद मोजलं. दंगल व्हायची बाकी राहिली. पण तोवर डोक्यात बिघाड सुरू झाला होता. १९१७ मध्ये कोर्टाने त्याला स्वतःचा कारभार सांभाळायला असमर्थ ठरवलं. जॅक डॉयल नावाच्या लॉस एंजेलिसकडच्या एका लढती भरवणाऱ्याने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. वोलगास्टला वाटायचं, किताबाची लढत जवळ आलीय. तो रोज सकाळी धावायचा, दोरीवर उड्या मारायचा, सराव करायचा. संध्याकाळी विचारायचा, लढत कधी? डॉयल सांगायचा, पुढच्या आठवड्यात. असं वर्षानुवर्षं. १९२७ नंतर त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि १९५५ मध्ये तो तिथेच गेला.

रिचमंडच्या त्या चाळीस फेऱ्यांत नेल्सन हरला हे खरं, जिंकलेल्याच्या पदरात हे पडलं.

सुमनताई

वाचला. वगळा म्हटल्यावर कोण वगळतं? आता काहीतरी हलकं सांगा, झोप नाही लागायची.

वाचनवेडी

हलकं मी सांगते. नेल्सनने १९१३ मध्ये लग्न केलं ते फे किंग या व्यंगचित्रकार बाईशी, डेन्व्हरच्या पेपरात चित्रं काढायची. स्वतःलाच चित्रात काढायची, काटकुळी, डोळे बटबटीत. ते लग्न काही टिकलं नाही. बेचाळीस फेऱ्या नाहीच नाही.

खडूसनाना

तिथे रेफ्री नसतो.

आडवा_बांबू

:D

ताई, नेल्सनचा शेवटही काही चांगला नाही. पैसा गेला, डोकंही ठिकाणावर राहिलं नाही, ७ फेब्रुवारी १९५४ ला शिकागोत वारला. पण त्याआधीचा एक किस्सा तुमच्या झोपेसाठी. कितपत तिखटमीठ लावलेला आहे ते तुम्हीच ठरवा. जुन्या क्रीडापत्रकारांचा हा लाडका.

४ जुलै १९१९, ओहायोतलं टोलेडो. जॅक डेम्प्सी विरुद्ध जेस विलार्ड, हेवीवेटची लढत, भरवणारा पुन्हा आपला टेक्स रिकार्ड. पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. नव्या कापलेल्या लाकडाचं मैदान उभारलेलं, बाकांमधून चीक गळून लोकांच्या पँटी चिकटत होत्या. नेल्सन एका पेपरसाठी वार्तांकन करायला आला होता. हॉटेलाला पैसे कशाला घालवा म्हणून बाहेर तंबू ठोकून राहिला. उकाड्याने रात्री झोप येईना. अंधारात जवळच एक मोठं पिंप लागलं, पाण्याने भरलेलं. गडी कपडे काढून आत उतरला आणि गारेगार पडून राहिला.

ते दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांना विकायला ठेवलेलं लिंबूसरबत होतं. किस्सा मैदानभर पसरला आणि त्या उन्हात सरबतवाल्याकडे कोणी फिरकेना.

मिरचीभजी

ईईई!

कोल्हापुरी_रस्सा

चिकटपणा म्हणतात तो हा.